सरमेची फिर्याद

महाभारताचा आरंभ कोठून होतो असे विचारले असता बहुतेक वाचक शंतनूचे, फार तर जनमेजयाच्या सर्पसत्राचे नाव घेतील. परंतु आदिपर्वात पौष्याच्या उपाख्यानाच्या तोंडाशीच जी एक लहानशी हकीकत येते तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घसत्र चालले असता तेथे एक कुत्र्याचे पिल्लू आले, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजाच्या तिघा भावांनी त्याला बदडून हाकलून दिले. ते रडत आईकडे गेले. आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. तिने आधी पोराचीच झडती घेतली: तूच काही आगळीक केली असशील, त्यावाचून कोण कोणाला मारतो? पोराने सांगितले की यज्ञातील हविर्द्रव्याला आपण तोंड लावले नाही, इतकेच काय, तिकडे नजरसुद्धा टाकली नाही. तेव्हा सरमा तडक सत्रमंडपात गेली आणि माझ्या निरपराध मुलाला का मारलेत, असा रोकडा सवाल तिने राजपुत्रांना केला. राजपुत्रांपाशी उत्तर नव्हते. ज्या अर्थी तुम्ही कसूर नसलेल्याला मारलेत त्या अर्थी न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली, आणि तो शाप निवारू शकेल असा पुरोहित शोधीत जनमेजयाला हिंडावे लागले. ज्या ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढण्याचे नाकारतो, त्याच ग्रंथाच्या आरंभी एका कुत्रीची फिर्याद नोंदवलेली असावी, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

ती आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की आमच्या वसाहतीच्या यंदाच्या स्मरणिकेत एका वयोवृद्ध, सेवानिवृत्त आणि सर्वस्वी आदरणीय गृहस्थांनी पाळीव कुत्र्यास घरात वळण कसे लावावे या विषयावर सहा पृष्ठांचा लेख लिहिला आहे. त्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. भांडण मुद्द्याशी आहे, आणि शिवाय जिन्यात आमची रोज गाठ पडते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कुत्रा हा मुळात लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक सरदार असतो व तो बळावर सत्ता चालवतो, तस्मात् घरातल्या कुत्र्याने धन्याला सरदार मानावे असे वाटत असेल तर धन्याने पहिल्या आठवड्यातच छडी, दरडावणी आणि मानगुटीवरची पकड यांनी आपला अंमल बसवून घ्यावा, घरात घाण केल्यास त्या घाणीत त्याचे नाक घासावे, कारण आपला गुन्हा त्याला पुरता कळत असतो, आणि हल्ली खाऊ देऊन कुत्री शिकवण्याचे जे खूळ निघाले आहे ते निव्वळ लाचलुचपत होय. आपले पूर्वज असेच करीत आले, हे त्यांनी शेवटी जोडून दिले आहे. लेख बाणेदार भाषेत आहे. त्यातील एकूण एक विधान चुकीचे आहे, हे मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण स्मरणिका घरोघर गेली आहे आणि आमच्या वसाहतीत आज निदान चार घरी सहा महिन्यांच्या आतली पिल्ले आहेत.

सरदार-लांडग्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळी इमारत त्या एका खांबावर उभी आहे. हा लांडगा रानातून आलेला नाही, पिंजऱ्यातून आला आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आणि जागा अपुरी, पळून जाण्यास वाट नाही, अशा स्थितीत ठेवलेल्या त्या जनावरांत वरचढपणासाठी जी झटापट चाले तिचे वर्णन त्यात आले. पुढे अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ही कल्पना जगभर नेली. परंतु त्याच मेक यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात एकामागून एक तेरा उन्हाळे काढले, आणि १९९९ साली स्वतःच्याच मताविरुद्ध कैफियत दाखल केली: रानातली टोळी म्हणजे बहुतकरून एक आई, एक बाप आणि त्यांची निरनिराळ्या वर्षांची मुले, जे पुढे चालतात ते लढाई जिंकून नव्हे, तर आईबाप आहेत म्हणून. आपला जुना ग्रंथ छापणे आता थांबवा, असा तगादा त्यांनी प्रकाशकाकडे कित्येक वर्षे लावला आणि अखेर २०२२ साली तो थांबला. आपले मत चुकले असे उघडपणे सांगून आपल्याच ग्रंथाची विक्री बंद पाडणारा विद्वान आमच्याकडे शोधावा लागेल. येरवड्याच्या कारागृहातील एका बराकीत आठ दिवस काढून कोणी मराठी एकत्र कुटुंबपद्धतीवर ग्रंथ लिहावा, आणि तो वाचून सासऱ्यांनी सुनांना वागवावे, तसा हा प्रकार झाला.

बरे, लांडग्याचे काही का असेना, कुत्रा हा लांडगा राहिलेला नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेले कुत्र्याचे एक पिल्लू. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. अलीकडे त्या पिल्लाचे दात तपासले तेव्हा असे दिसले की सुमारे सातव्या महिन्यात ते मेले, आणि त्यापूर्वी त्याला डिस्टेंपरसारख्या दुखण्याचा वारंवार झटका येऊन गेला होता. शिकारीला, राखणीला, कशालाही निरुपयोगी असे ते आजारी पोर कोणीतरी आठवडेच्या आठवडे उबेत ठेवून, पाणी पाजून जगवले असले पाहिजे. नाहीतर ते इतके दिवस तगते ना. आमच्या लेखकमहाशयांना आदिमानवाची साक्ष काढण्याची हौस आहे म्हणून ही साक्ष मी पुढे करतो. तिच्यात छडी कोठेही दिसत नाही.

मग छडी आली कोठून? पूर्वजांकडून नव्हे, ती आली छावणीतून. जर्मन अधिकारी कोनराड मोस्ट यांनी पोलिसी कुत्र्यांसाठी १९१० साली लिहिलेले शिक्षणपुस्तक हे आधुनिक श्वानशिक्षणाच्या दंडशाखेचे मूळपीठ होय. पुढे १९७८ साली अमेरिकेतील न्यू स्कीट मठाच्या संन्याशांनी, जे जर्मन शेफर्ड कुत्री पाळून विकत, आपल्या पुस्तकात कुत्र्याला उलथे पाडून जमिनीशी दाबून धरण्याचा विधी सांगितला. तो इतका गाजला की आमच्या स्मरणिकेतही "मानगूट धरून चीत करावे" या रूपाने तो अवतरला आहे. गंमत एवढीच की त्या संन्याशांनी नंतरच्या आवृत्तीत पश्चात्तापपूर्वक तो विधी मागे घेतला. मागे घेतलेले फर्मान आमच्याकडे अजून चावडीवर वाचून दाखवले जात आहे.

पूर्वजांचेच म्हणाल तर दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो आहे, आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले व महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न इतिहासकारांचा. पण ज्या लोकांनी ती तीनशे वर्षे आवडीने सांगितली त्यांच्या मनात कुत्र्याचे स्थान काय होते, हे तिच्यावरून कळते. उंबरठ्याबाहेर ठेवून दगड मारणारेही पूर्वजच होते, हे मी नाकबूल करीत नाही. पूर्वज पुष्कळ होते आणि सगळे एका मताचे नव्हते.

आता नाक घासण्याकडे वळतो, आणि येथे मला फिर्यादीच्या पिंजऱ्यातून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत आहे. नऊ वर्षांपूर्वी, आषाढात, समोरच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगाऱ्यातून एक तांबूस रंगाचे गावठी पिल्लू आमच्या घरी आले. त्याचे नाव तांब्या पडले. तांब्याने तिसऱ्याच दिवशी दिवाणखान्याच्या मधोमध, पाहुण्यांच्या देखत, शू केली. आणि एका अनुभवी म्हणवणाऱ्या स्नेह्याच्या सल्ल्यावरून मी त्याची मानगूट धरून त्याचे नाक त्या थारोळ्यात दोनदा दाबले. हे मी चार दिवस केले. पाचव्या दिवसापासून दिवाणखाना कोरडा राहू लागला. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही, आणि जिन्यात भेटेल त्याला मी या उपायाची खात्रीलायकता सांगू लागलो. दहाव्या दिवशी आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली, पदर नाकाला लावला आणि फक्त एवढेच म्हणाल्या, "दादा, ते कपाट जरा सरकवा." आजोबांच्या वेळचे ते शिसवी कपाट आम्ही तिघांनी मिळून सरकवले. मागच्या भिंतीचा पोपडा सुटला होता, कपाटाच्या पायाला पांढरा क्षार धरला होता, आणि खालच्या कप्प्यातील ज्ञानकोशाच्या दोन खंडांना जो वास लागला होता तो आजही पावसाळ्यात येतो.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. मी त्याला पट्ट्याने बांधून बाहेर नेई, तेव्हा भर पावसात, एका हातात छत्री धरून, पाऊणपाऊण तास मी त्या गुलमोहराखाली उभा राही. तांब्या माझ्याकडे तिरप्या नजरेने पाही, अंग चोरी, आणि काहीही करीत नसे. घरी आल्याबरोबर तो कपाटाच्या दिशेने नाहीसा होई. मी त्याला जे शिकवले होते ते त्याने बिनचूक आत्मसात केले होते. माझी कल्पना अशी की मी "घरात करू नये" हा पाठ दिला, त्याने घेतलेला पाठ असा की "या माणसाच्या देखत करणे जिवावरचे आहे." शिक्षेला स्थळाचे ज्ञान नसते. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला फरशी आणि माती यांतला कायदेशीर भेद ठाऊक नसतो, मूत्राशयावर ताबाही जेमतेम दोन-तीन तासांचा असतो. आणि अशा जिवाला घडून गेलेल्या कृत्याबद्दल काही मिनिटांनी दिलेली शिक्षा त्या कृत्याला जाऊन चिकटत नाही, ती चिकटते शिक्षा देणाऱ्याच्या हाताला.

माझे चार दिवसांचे प्रताप निस्तरायला मला दोन महिने लागले. झोपेतून उठला की, खाऊन झाले की, खेळून दमला की, आणि एरवी दर दोन तासांनी, त्याला उचलून त्याच एका झाडाखाली न्यायचे. तोंड दुसरीकडे करून गप्प उभे राहायचे. आणि त्याने केले की तेथल्या तेथे, घरी येऊन नव्हे, हलक्या आवाजात शाबासकी देऊन पनीरचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्यायचा. घरात झालेच तर एक अक्षर न बोलता पुसून काढायचे, आणि वास मुळापासून जाईल असे धुवायचे. कारण नुसत्या फिनेलने तो वास माणसाच्या नाकापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला तेथे अजून पाटी लावलेलीच असते. यात वीरश्री कोठेच नाही, हे मी मान्य करतो. स्मरणिकेत सहा पृष्ठे भरतील असे यात काही नाही.

"परंतु त्याला आपला गुन्हा कळतो, घरात पाऊल टाकताच तो कान पाडतो, नजर चुकवतो, शेपूट पायांत घालतो", हा लेखकमहाशयांचा हुकमी पुरावा. तो पुरावा २००९ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी चौदा घरगुती कुत्र्यांवर तपासला. मालकाने खाऊला तोंड लावण्याची मनाई करून बाहेर जायचे. मागे कुत्रा खाऊ खाई किंवा न खाई. आणि परत येणाऱ्या मालकाला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. निष्पन्न असे झाले की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्ले की नाही यावर अवलंबून नव्हताच; मालक रागावला की नाही, यावर होता. आणि सर्वांत गडद अपराधी चेहरा कोणाचा, तर ज्याने काहीही खाल्ले नव्हते आणि तरी ज्याला बोल बसले त्याचा. हविर्द्रव्याला तोंड न लावता मार खाणारे सरमेचे पोर ते हेच. ज्याला आपण कबुलीजबाब समजतो तो प्राण्याच्या भाषेतला दयेचा अर्ज असतो, आणि अर्जदाराला आरोपी ठरवून आपण निकाल देतो.

छडीने काम होते, हे मी नाकारीत नाही. छडी हजर असेतोवर ते होते. आमच्या लेखकमहाशयांचा कुत्रा त्यांच्या समोर अत्यंत शिस्तीत, खांबासारखा बसतो, आणि ते पाहून वसाहतीतील नवखे लोक थक्क होतात. परंतु त्यांच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचे कथन असे की साहेबांची स्कूटर फाटकाबाहेर पडली की तो कोचावर चढतो आणि फाटकाशी तोच आवाज परत आला की उतरतो. मधला सगळा वेळ तो कोच त्याचा. एंजिनच्या आवाजावरून वेळापत्रक आखणाऱ्या या बुद्धीचे मला कौतुक वाटते. यास वळण म्हणता येत नाही. ही पहारेकरी आणि कैदी यांच्यातील व्यवस्था झाली, आणि तिच्यात पहारेकऱ्यालाही सुट्टी मिळत नाही.

सुट्टी न मिळण्याहून मोठी जोखीमही आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात खोडीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना आपण आजवर काय काय उपाय केले हे विचारण्यात आले. त्याची हकीकत २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली होती, त्यांतील ४३ टक्क्यांना कुत्र्याने उलट गुरगुरून, दात दाखवून वा चावून उत्तर दिले होते. पोर्तुगालमधील २०२० च्या एका पाहणीत ९२ कुत्री होती; दंडाच्या शाळेत शिकणाऱ्यांच्या लाळेत ताण दर्शवणारे द्रव्य शिकवणीनंतर अधिक वाढलेले आढळले. आकडे मी आणखी देत नाही. गुरगुरण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण स्मरणिकेत "गुरगुरणे पहिल्या झटक्यात मोडून काढावे" असा सल्ला आहे. गुरगुरणे ही नोटीस असते. नोटीस बजावल्याबद्दल ज्याने मार खाल्ला तो पुढच्या खेपेस नोटीस न देता दावा दाखल करतो, आणि तो दावा बहुधा घरातल्या लहान मुलाच्या गालावर दाखल होतो. ही भीती सरमेच्या शापातली आहे: न दिसणारी.

आता लाचेचा आरोप. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या गृहस्थाने लाच आणि वेतन यांतील भेद विसरावा याचे मला नवल वाटते. लाच ही करू नये ते करण्यासाठी, किंवा करावयाचे ते अडवून ठेवल्यामुळे, दिली जाते. ठरलेले काम झाल्यावर जे मिळते त्याला मेहनताना म्हणतात. कुत्रा बसत नाही म्हणून बिस्किटाचा पुडा खुळखुळवून त्याची मनधरणी करणे ही खरोखर लाच आहे, आणि तसे करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यावर लेखकमहाशयांनी ओढलेले कोरडे मला मंजूर आहेत. परंतु योग्य रीत वेगळी आहे. बोटात खाऊचा कण धरून तो पिल्लाच्या नाकावरून हळूच डोक्याच्या मागे नेला की मान वर होते आणि मान वर झाली की बूड आपोआप खाली टेकते; ते टेकल्याच्या त्याच क्षणी शाबासकीचा शब्द आणि कण, दोन्ही. दहा-वीस वेळा झाले की हात रिकामा ठेवून तीच खूण करायची, मग खुणेआधी शब्द घालायचा, मग कण कधी द्यायचा, कधी नुसते पाठीवर थोपटायचे. कृतीला सुखद फळ आले की ती कृती पुन्हा घडते, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक यांनी कोंडलेली मांजरे कडी काढून बाहेर कशी येतात हे पाहता पाहता १८९८ च्या सुमारास मांडला, आणि स्किनर यांनी १९५१ साली प्राण्यांना शिकवण्याची रीत सामान्य वाचकांसाठी लिहिली तेव्हा तिचा पाया हाच होता. निवृत्तिवेतनही लेखकमहाशयांना पहिल्या तारखेला मिळते. त्याला कोणी लाच म्हणत नाही. (कण कसलाही चालत नाही, हे जाता जाता सांगतो: मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा घातलेले काहीही कुत्र्याला घातक असते. प्रसादाच्या शिऱ्यातील मनुकांनी दवाखाना गाठायला लावल्याचे मी पाहिले आहे.)

या नियमाची दुसरी बाजू अशी की कुत्रा सदासर्वकाळ शिकत असतो. शिकवणी चालू आहे की नाही हे तो आपल्याला विचारीत नाही. जेवणाच्या टेबलाशी तो तोंडाकडे पाहत लाळ गाळतो, याबद्दल आमच्याकडे सर्वांची एकमुखी तक्रार होती, आणि सर्वांनी ताटातले काही द्यायचे नाही असे ठरवलेही होते. केवळ आईंचा हात आठ-दहा दिवसांतून एकदा, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, पोळीचा तुकडा टेबलाखाली नेई. रोज मिळणारी वस्तू बंद झाली तर प्राणी लवकर नाद सोडतो; कधीतरी मिळणाऱ्या वस्तूचा नाद सुटत नाही. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, पण मटक्याच्या अड्ड्याच्या चालकाला तो वाचण्याची गरज कधी पडली नाही. तीच गोष्ट कोचाची. पाहुणे नसताना कोचावर बसू द्यायचे आणि पाहुणे आले की हुसकायचे, असे चालवले तर त्याची वहिवाट पडते. आमच्या कायद्यात कब्जावहिवाटीला बारा वर्षे लागतात, कुत्र्याला चार दिवस पुरतात.

आणि हुकूम तरी आपण कोणत्या भाषेत देतो? आमच्या घरी मी "बस" म्हणत असे, मुलगा "सिट" म्हणे, सूनबाई "खाली बस ना रे" असे म्हणत, आणि नातू त्याच्याशी मस्ती करून दमला की "बस! आता बस!" असे ओरडे. एकाच शब्दाचा मराठीत आसनस्थ हो असा अर्थ होतो आणि पुरे झाले असाही होतो. तांब्या बिचारा पहिल्या "बस"ला बसे, दुसऱ्या "बस"ला पुन्हा उठून बसे, आणि नातू म्हणे की हा ऐकत नाही. आम्ही एक दिवस स्वयंपाकघरातल्या फळ्यावर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर, पाच शब्द लिहून टाकले आणि त्यांच्याखेरीज सहावा वापरायचा नाही असा ठराव केला. "पुरे" हा त्यांतला एक होता. तांब्याच्या आज्ञापालनात त्यानंतर जी सुधारणा झाली तिचे श्रेय त्याला देणे अन्यायाचे होईल, सुधारलो आम्ही.

दंडाला विरोध म्हणजे लाडाला पाठिंबा, असे समीकरण लेखकमहाशयांनी गृहीत धरले आहे, आणि त्यांचा संताप जेथून उगवला ती जागा मला ठाऊक आहे. उद्वाहनात म्हाताऱ्या माणसांच्या छातीवर पंजे ठेवणारे कुत्रे आणि "तो काही करत नाही हो" असे म्हणत हसणारे त्याचे धनी मलाही भेटतात. वाटेत घाण करवून आकाशाकडे पाहत निघून जाणारेही भेटतात. शिस्त पाहिजेच, आणि नकारही पाहिजे. परंतु नकाराला हात उगारण्याची जरुरी नसते. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला दोन्ही हातांनी ढकलणे हा त्याच्या मते खेळ असतो आणि ओरडणे हा गप्पांचा प्रकार. पाठ फिरवून झाडासारखे उभे राहणे आणि चारही पाय जमिनीला लागले की मगच खाली वाकून बोलणे, एवढ्याने महिन्याभरात उड्या थांबतात, मात्र घरातल्या प्रत्येकाने आणि येणाऱ्या प्रत्येकाने तसे केले पाहिजे. खेळता खेळता पिल्लाने दात लावला की खेळ तेथेच बंद करून खोलीबाहेर निघून जायचे. चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान दुधाचे अठ्ठावीस दात पडून कायमचे बेचाळीस येतात, हिरड्या शिवशिवतात, आणि तेलपाणी करून मऊ केलेली कोल्हापुरी वहाण त्या दिवसांत पिल्लाला परमेश्वराने खास आपल्यासाठी पाठवली असे वाटते. तेव्हा वहाण उचलून ठेवणे आणि चावायला दुसरे काही देणे हे धन्याचे कर्तव्य आहे. उघड्यावर टाकलेल्या वहाणेबद्दल पिल्लाला मारणे म्हणजे तिजोरी सताड उघडी टाकून शेजाऱ्याची परीक्षा पाहणे होय. आणि वळण लागलेला, वयात आलेला कुत्रा एकाएकी घरात मुतू लागला किंवा हात लावताच खेकसू लागला, तर छडीच्या आधी पशुवैद्याकडे जावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, कानातले दुखणे हे काही हट्ट नव्हेत.

कायदा काय म्हणतो, हेही माजी अंमलदारांच्या नजरेस आणून देतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून ज्याची वाट पाडली तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला मारणे, लाथा घालणे आणि नाहक यातना देणे हा अपराध आहे, आणि पहिल्या अपराधास दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत आहे. पन्नास रुपयांत हल्ली दोघांचा वडापाव होतो. दंड हास्यास्पद आहे म्हणून कृत्य कायदेशीर ठरत नाही, एवढेच.

लेखाच्या शेवटी लेखकमहाशयांनी एक आव्हान दिले आहे: छडीवाचून वाढवलेला एक तरी कुत्रा, अन्न पुढे असता, हुकूम मिळेपर्यंत थांबलेला दाखवावा. ते मी स्वीकारतो. तांब्याचे जेवण संध्याकाळी साडेसातला असते. भाकरी कुस्करलेले ताट त्याच्यासमोर ठेवून मी स्वयंपाकघरात जातो, पाणी पितो, गॅस बंद आहे की नाही पाहतो आणि परत येऊन "घे" म्हणतो. तोवर तो ताटाकडे न पाहता दाराकडे पाहत बसलेला असतो, आणि लाळेचे दोन थेंब फरशीवर पडलेले असतात. त्यांनी कोणत्याही दिवशी यावे, आगाऊ वर्दी देण्याचीही गरज नाही. छडी बरोबर आणल्यास छत्र्यांच्या उभ्या डब्यात ठेवावी. वहाणा मात्र दारात काढून ठेवू नयेत, वरच्या फळीवर ठेवाव्यात. गेल्या महिन्यात आमच्याकडे चिंगी नावाचे आणखी एक पोर आले आहे, तिला परवाच पाचवा महिना लागला आहे, आणि तिची शिकवणी अजून फळ्यावरच्या दुसऱ्या शब्दापर्यंतच आली आहे.